एनडीएत वेगवेगळ्या मुलांची मोट कशी बांधली जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी बारावीत आहे, शिक्षण मराठी माध्यमातून झालंय आणि ती एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा देणार आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला देशभरातली मुलं, सगळा कारभार इंग्रजी-हिंदीत, त्यात मुली मोजक्या. अमेरिकेतल्या लष्करी अकादम्यांत विविधतेचं प्रशिक्षण असतं असं वाचलंय, तसं इथे काही असतं का? नसेल तर ही मुलं एकमेकांत मिसळतात कशी, आणि घरून काय तयारी करून पाठवावं?

आधी सरळ उत्तर. सूचना दिल्या जातात, व्याख्यानं होतात, पण एनडीएत हे काम मुख्यतः व्याख्यानाने होत नाही, राहण्या-खाण्याच्या व्यवस्थेने होतं. कोण कोणाच्या शेजारच्या खोलीत झोपतो, कोण कोणाबरोबर पळतो, एकाच्या चुकीपायी कितीजणांना पुश-अप्स काढाव्या लागतात, हे एकदा ठरलं की प्रांत, भाषा, घरची श्रीमंती-गरिबी यांतलं बरंचसं अंतर पहिल्या वर्षातच कमी होतं. मात्र काही गोष्टी या व्यवस्थेतून सुटतात. मुलींच्या बाबतीत तर ठळकपणे सुटतात, आणि तिथेच लक्ष द्यायला हवं.

अमेरिकेची तुलना फार ताणू नये. तिथे वंश हा मुख्य प्रश्न होता, मुलींना 1976 मध्ये प्रवेश मिळाला, आणि त्यातून कार्यालयं, अभ्यासक्रम, कॅडेटांचे क्लब असं सगळं उभं राहिलं. जानेवारी 2025 मध्ये सरकार बदलल्यावर ते आदेशाने मोडीतही निघालं. फेब्रुवारीत वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीने अशा बारा क्लबांना टाळं लावलं. त्या वादात कोण बरोबर हा इथला विषय नाही. एवढंच लक्षात घ्यायचं की कार्यालयावर आणि क्लबवर उभी असलेली गोष्ट एका कागदाने बंद होते. खोल्यांची वाटणी आणि कवायतीची रांग यांवर उभी असलेली गोष्ट इतक्या सहज बंद होत नाही.

एनडीएत येणारी मुलं कुठून येतात ते आधी पाहू. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते: गणिताला 300 गुण, सामान्य क्षमतेला 600, आणि एसएसबीला, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीला, 900. या प्रवेशात जातीनिहाय आरक्षण नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना आणि मुलींना अर्जाचं शुल्क माफ असतं, एवढीच सवलत. त्यामुळे अकादमीत कोण पोचतं हे बहुतांशी त्याआधीच्या शाळेवर ठरतं. सैनिक शाळांत मात्र आरक्षण आहे: 67 टक्के जागा त्या राज्यातल्या मुलांना, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी वेगळा वाटा. सातारची सैनिक शाळा 1961 ची, देशातली पहिली. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था राज्य सरकार 1977 पासून चालवतं, आणि अलीकडे नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली आहे. खेड्यातल्या, मराठी माध्यमातल्या मुलांसाठी एनडीएकडे जाणारी मळलेली वाट हीच आहे. दहावीच्या आत असलेल्या मुलामुलींचे पालक हे वाचत असतील तर विविधतेची खरी लढाई या टप्प्यावर आहे हे ओळखावं. एनडीएच्या दाराशी पोचेपर्यंत ती जवळजवळ संपलेली असते.

आता आतली रचना. अकादमीत अठरा स्क्वॉड्रन आहेत, अल्फा, ब्राव्हो, चार्लीपासून रोमिओपर्यंत, आणि ती पाच बटालियनमध्ये विभागलेली आहेत. एका स्क्वॉड्रनमध्ये साधारण शंभर-सव्वाशे कॅडेट. पुढे आर्मीत जाणारे, नेव्हीत जाणारे, हवाई दलात जाणारे, असे तिन्ही एकत्र, आणि सहाही टर्मचे एकाच इमारतीत. तीन वर्षांचं प्रशिक्षण, सहा टर्म. खोलीला इथे केबिन म्हणतात. घरगुती ओळखीचे, एकाच शाळेतले, एकाच राज्यातले असे गट करून स्क्वॉड्रन दिलं जात नाही. मित्रदेशांतून आलेले कॅडेटही याच स्क्वॉड्रनमध्ये राहतात. भूतान, मालदीव, ताजिकिस्तान अशा देशांची मुलं दरवर्षी असतात. त्यांतल्या काहींना ना आपली हिंदी येते, ना इंग्रजी धड येतं. मराठी माध्यमातल्या मुलीला 'मलाच काही येत नाही' असं वाटत असतं, तेव्हा शेजारच्या केबिनमध्ये तिच्याहून अवघड परिस्थितीत कोणीतरी असतं.

कवायतीच्या मैदानावर ही व्यवस्था कशी काम करते ते जवळून बघण्यासारखं आहे. स्क्वाड लावताना हुकूम येतो: लंबा दाहिने, छोटा बायें, कदवार. उंच उजवीकडे, बुटके डावीकडे. पहिल्या आठवड्यात जेवणाच्या वेळी एकत्र बसणारी चार मराठी मुलं या एका हुकमाने चार ठिकाणी जातात. शेजारी कोण येणार हे सेंटिमीटर ठरवतात. हुकूम हिंदीत असतात, शिकवणाऱ्या हवालदार-सुभेदाराला सगळे 'उस्ताद' म्हणतात, आणि केरळ किंवा मिझोरामहून आलेल्या मुलाला 'दाहिने मुड' पहिल्या दिवशी कळत नाही. तो शेजाऱ्याकडे बघून वळतो, अर्धा सेकंद उशिरा. उस्तादाच्या नजरेला तो अर्धा सेकंद लगेच दिसतो आणि पूर्ण स्क्वाड पुन्हा सुरुवातीपासून. मग रात्री कॉरिडॉरमध्ये शेजारचाच मुलगा त्याला हुकूम पाठ करून देतो, कारण त्याच्याशिवाय त्याची स्वतःची सुटका नाही. पहिल्या टर्मला ड्रिल स्क्वेअर टेस्ट असते. ती पास होईपर्यंत लिबर्टी नाही, म्हणजे रविवारी बाहेर जायला मिळत नाही. दिलेलं ज्ञान परत फिरून स्वतःच्या फायद्याचं ठरतं, म्हणून ते दिलं जातं. हिंदी समजणाऱ्या मराठी मुलांना इथे आयती आघाडी मिळते, आणि ती त्यांनी वाटायला हवी. जे वाटतात त्यांना दोन महिन्यांनी इंग्रजीच्या तासाला त्याची परतफेड मिळते.

आंतर-स्क्वॉड्रन स्पर्धांचंही तसंच. मुष्टियुद्ध, हॉकी, वादविवाद, घोडेस्वारी, क्रॉस कंट्री, सगळ्यांचे गुण एका ढालीसाठी मोजले जातात. क्रॉस कंट्रीत दोन-चार निवडक धावपटू पाठवून भागत नाही. जवळजवळ सगळं स्क्वॉड्रन धावतं आणि मागून येणाऱ्याचाही हिशोब होतो. त्यामुळे स्क्वॉड्रनमधल्या सर्वांत हळू मुलाचा वेळ सुधारणं हे सगळ्यांच्या स्वार्थाचं होतं. इंग्रजी चांगलं असलेली शहरी मुलगी वादविवादात लागते, डोंगरातला मुलगा धावायला लागतो, कोणीच संपूर्ण बिनकामाचा ठरत नाही. माणसं जवळ राहिली म्हणजे आपोआप मित्र होतात असं नाही. दर्जा सारखा असावा, उद्दिष्ट एक असावं, ते एकट्याने गाठता येऊ नये आणि वरच्यांचा त्याला उघड पाठिंबा असावा, एवढं जुळलं तर होतात. एनडीएच्या रचनेत या चारही गोष्टी बऱ्यापैकी आहेत.

कपड्यांतून दिसणारी घरची परिस्थितीही इथे झाकली जाते. गणवेश, मफ्ती (गणवेशाशिवायचे ठरावीक कपडे), सायकल, केबिनमधलं कपाट, सगळं ठरलेलं. पैसे बाळगण्यावर बंधन. जेवणाची मेस एकच, तिथे दोन हजारांहून अधिक कॅडेट एका वेळी बसतात. शाकाहारी-मांसाहारी दोन्ही मिळतं. काटे-चमचे धरायची सवय नसली तर पहिला आठवडा लाज वाटते, दुसऱ्यात कोणाला आठवतही नाही. यावर घरी फार वेळ घालवू नका.

बिघडतं कुठे?

पहिली जागा म्हणजे सामूहिक शिक्षा. 'एकाची चूक, सगळ्यांना रगडा' हे सूत्र एकी घडवतं असं सरसकट मानलं जातं. ते अर्धंच खरं. चूक कोणाच्याही हातून होण्याजोगी असेल (बूट चमकवला नाही, रांगेत हजर व्हायला उशीर झाला), आणि आज एकाची तर उद्या दुसऱ्याची होत असेल, तर एकी घडते. पण कारण दरवेळी एकच मुलगा असेल आणि ते त्याच्या हाताबाहेरचं असेल, उदाहरणार्थ भाषा कळत नाही, पोहता येत नाही, पायाला दुखापत आहे, तर आठवड्याभरात तो सगळ्यांच्या रागाचं निशाण होतो. त्याच्या जेवणाच्या टेबलावरची बोलणी थांबतात. चांगला डिव्हिजनल ऑफिसर, म्हणजे स्क्वॉड्रनमधल्या कॅडेटांवर देखरेख ठेवणारा अधिकारी, हे ओळखतो आणि अशा मुलाला सामूहिक हिशोबातून बाहेर काढून वेगळी शिकवणी लावतो. मुलीला किंवा मुलाला आधी सांगून ठेवावं: आपण कच्चे आहोत ती गोष्ट लपवू नये, पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावी. न पोहता येणाऱ्यांसाठी वेगळा सराव असतोच. उंच फळीवरून पाण्यात उडी मारायची वेळ आल्यावर 'मला पोहता येत नाही' म्हणणाऱ्याची गय होत नाही.

दुसरी जागा टोपणनावांची. ईशान्येकडच्या मुलांना चेहऱ्यावरून, दक्षिणेकडच्यांना उच्चारावरून, बिहारच्या मुलांना राज्यावरून नावं पडतात. ती प्रेमाची असतात असा बचाव होतो, आणि काही खरोखर तशी असतातही. फरक ओळखायची एक साधी कसोटी आहे: ज्याला नाव ठेवलंय तो तसंच नाव नाव ठेवणाऱ्याला सगळ्यांसमोर ठेवू शकतो का? कोर्समेटमध्ये, म्हणजे बरोबर दाखल झालेल्यांत, ठेवू शकतो, तिथे ती थट्टा. सीनियर-ज्युनियरमध्ये ठेवू शकत नाही, तिथे ती थट्टा राहत नाही. सहाव्या टर्मच्या कॅडेटच्या तोंडून पहिल्या टर्मच्या मुलाच्या राज्यावर, जातीवर किंवा धर्मावर आलेला शब्द अधिकाऱ्याने तिथल्या तिथे थांबवायचा असतो. नंतर चौकशी करून उपयोग होत नाही, कारण तोवर बाकीच्या पन्नासांनी तो शब्द उचललेला असतो.

तिसरी गोष्ट प्रांतवार घोळक्यांची. लिबर्टीला बाहेर गेल्यावर आपापल्या भाषेतली मुलं एकत्र जमतात. यात काहीही वाईट नाही, मायबोलीत दोन तास बोलायला मिळालं की आठवडा सुसह्य होतो. घोळका वाईट कधी होतो, तर तिसरा माणूस जवळ बसलेला असताना चालू भाषा बदलली जात नाही तेव्हा. सैन्यात हा नियम पुढे फार महत्त्वाचा होतो. रेजिमेंटमध्ये अधिकाऱ्याने जवानांची भाषा शिकायची असते, त्यांच्या मंदिरात किंवा गुरुद्वारात त्यांच्याबरोबर उभं राहायचं असतं, मग त्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो. मद्रास रेजिमेंटमध्ये गेलेला कोल्हापूरचा अधिकारी तमिळ शिकतो. मराठा लाइट इन्फंट्रीत आलेला पंजाबी अधिकारी 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणत हल्ल्यात पुढे असतो. भारतीय सैन्यातलं विविधतेचं प्रशिक्षण म्हणायचं तर खरं ते हे. एनडीए ही त्याची पूर्वतयारी आहे, म्हणून तिथे आपल्याच भाषेच्या कोशात राहिलेल्या मुलाला पुढे जड जातं.

सीनियर-ज्युनियर प्रकाराबद्दल थोडक्यात. अधिकृत शिक्षा ठरलेल्या आहेत: एक्स्ट्रा ड्रिल, रिस्ट्रिक्शन, पुट्टी परेड, आणि प्रसिद्ध असलेली सिंहगडची चढाई. त्यांची नोंद होते. नोंद न होता रात्री केबिनमध्ये जे होतं तो छळ, त्याला परंपरा म्हणायचं कारण नाही. अंगाला हात लावणं, झोपू न देणं, घरच्यांवरून बोलणं आणि पैसे मागणं या चार गोष्टी कोणत्याही टर्ममध्ये कोणत्याही कारणाने मान्य नाहीत, हे मुलीच्या डोक्यात पक्कं असावं.

मराठी माध्यमाचा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही, पण वाटतो तिथे तो नसतो. परीक्षेचा पेपर इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत असतो, फक्त इंग्रजीचा भाग सोडून. अडतं ते पहिल्या टर्मच्या अभ्यासात. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची, शिकवणं इंग्रजीत, आणि दिवस पहाटे सुरू झालेला. पीटी-ड्रिल आटपून वर्गात बसलेलं मूल ग्लानीत असतं, तेव्हा परकी भाषा डोक्यात शिरत नाही. नापास झालं तर रेलिगेशन, म्हणजे सहा महिने मागे, आणि आपला कोर्स सोडून ज्युनियर कोर्सबरोबर राहणं. कॅडेट शिक्षेला घाबरत नाहीत, रेलिगेशनला घाबरतात. त्यामुळे तयारी शब्दांची करावी. भौतिकशास्त्र आणि गणितातल्या मराठी संज्ञांची एक वही करा: परिमेय संख्या, विकलन, त्वरण, प्रतिरोध, समोर त्यांचे इंग्रजी शब्द. अकरावी-बारावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असतं हे खरं, पण मुलं संकल्पना मनात मराठीतच धरून असतात, आणि तोंडी विचारलं की अडखळतात. दुसरं, रोज वीस मिनिटं इंग्रजी मोठ्याने वाचायचं आणि दीडशे शब्द लिहायचे. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण तिथे व्याकरण कोणी विचारत नाही, उभं राहून तीन वाक्यांत कारण सांगायला लावतात. चुकीचं इंग्रजी मोठ्या आवाजात बोललेलं चालतं. गप्प बसलेलं चालत नाही.

आता मुलींबद्दल, कारण इथे नियम अजून बसत आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने 18 ऑगस्ट 2021 रोजी मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्यावी असा अंतरिम आदेश दिला. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला मुली परीक्षेला बसल्या. 370 जागांपैकी 19 मुलींसाठी होत्या: आर्मीत 10, हवाई दलात 6, नौदलात 3. हा 148 वा कोर्स. त्यातून 30 मे 2025 रोजी 17 मुली खेत्रपाल परेड ग्राउंडवरून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, मुली 1992 पासून प्रशिक्षण घेत आहेत, तेव्हा सैन्याला हा विषय नवा नाही. नवं आहे ते वय. ओटीएला येणाऱ्या मुली पदवीधर असतात आणि तिथे सुमारे वर्षभर राहतात. एनडीएत साडेसोळा ते साडेएकोणीसच्या मुली येतात, तीन वर्षं राहतात, आणि त्यांची हाडं अजून पक्की होत असतात.

संख्या कमी असण्याचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. एका कोर्सच्या 19 मुली अठरा स्क्वॉड्रनमध्ये एकेक वाटल्या तर कागदावर समानता दिसते, पण प्रत्येकीवर शंभर डोळे येतात. एक धावताना मागे पडली की 'मुली मागे पडतात' असं होतं; तेच मुलाच्या बाबतीत 'तो' मागे पडतो. उलट सगळ्यांना एकत्र ठेवलं तर त्या स्क्वॉड्रनच्या रोजच्या जगण्यातून वगळल्या जातात, आणि वर सांगितलेली सगळी व्यवस्था, म्हणजे रात्रीची शिकवणी, सामाईक शिक्षा, स्पर्धेची ढाल, त्यांच्यापुरती लागू होत नाही. माझ्या मते शहाणपणाची वाट मधली: प्रशिक्षण आणि स्पर्धा स्क्वॉड्रनबरोबर, पण एका स्क्वॉड्रनमध्ये दोन-तीनपेक्षा कमी मुली नकोत, आणि राहण्याची जागा अशी की वरच्या टर्मची मुलगी हाकेच्या अंतरावर असेल. पहिल्या तुकडीला वरची टर्मच नव्हती. आता आहे, आणि हा फार मोठा फरक आहे. तुमची मुलगी जाईल तेव्हा तिला काय विचारायचं आणि कोणाला, हे सांगणारी कोणीतरी तिथे असेल.

मुलांच्या मनातला सर्वांत मोठा सल शारीरिक निकषांचा असतो. 'त्यांना सवलत, आम्हाला नाही.' हा सल प्रशिक्षकाने पहिल्याच महिन्यात उघडपणे काढायला हवा, आणि तो काढता येतो. चाचण्या दोन प्रकारच्या असतात. एक तंदुरुस्ती मोजते: या शरीराने आपल्या क्षमतेच्या किती टक्के कमावलंय? तिथे मुलामुलींचे आकडे वेगळे असणं हे मोजमाप आहे, सवलत नव्हे. दुसरी कामगिरी मोजते: हे वजन इतक्या वेळात इतक्या अंतरावर पोचलं की नाही? नकाशा बरोबर वाचला की नाही? तिथे निकष कामाचा आणि तो सगळ्यांना एकच. ग्रीनहॉर्न, रोव्हर आणि तोरणा या शिबिरांत मुलगी आपलं ओझं स्वतः वाहताना दिसली की वाद निम्मा संपतो. प्रशिक्षकाने दयेपोटी तिचं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर दिलं तर तो वाद त्या कोर्सभर संपत नाही. तिची मदत करायची असेल तर ओझं नीट बांधायला शिकवावं. पट्टा खांद्यावर न ठेवता वजन कमरेवर आणलं तर लहान खांद्यांच्या मुलीला लगेच फरक पडतो.

दुखापतींचं कारणही याच अनुषंगाने. कवायतीत तेज चालचं पाऊल साधारण 30 इंची आणि मिनिटाला 120 पावलं. पाच फूट उंचीच्या मुलीला सहा फुटी रांगेबरोबर हे पाऊल टाकायचं तर प्रत्येक पावलाला कंबर ताणावी लागते. वर टाच आपटून थांबणं. याचा मार नडगीच्या आणि कमरेच्या हाडावर बसतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत हाडाला बारीक तडा जातो, ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. ब्रिटिश सैन्याने 1990 च्या दशकाच्या अखेरीस मुलामुलींचं प्रशिक्षण एकसारखं केलं तेव्हा मुलींच्या अशा दुखापती वाढल्या होत्या. मुलं यातून सुटत नाहीत, पण मुलींत प्रमाण जास्त असतं. कारणं: अचानक वाढलेला भार, कमी लोह, ड जीवनसत्त्वाची कमतरता, आणि खाण्यातून मिळते त्यापेक्षा जास्त ऊर्जा शरीराने खर्चणं. यातलं अचानक वाढलेला भार हे कारण मुख्यतः अकादमीच्या हातात आहे. बाकीच्यांची बरीचशी तयारी तुमच्या हातात आहे, आणि ती जाण्याआधीची आहे.

म्हणून तयारीचा मुख्य भाग शारीरिक, आणि तो निकाल लागल्यावर नव्हे, आत्ताच. यूपीएससीच्या जाहिरातीत उमेदवाराने काय करून यावं ते लिहिलेलं असतं: 2.4 किलोमीटर 15 मिनिटांत, पुश-अप्स आणि सिट-अप्स किमान वीस-वीस, चिन-अप्स आठ, तीन-चार मीटर दोरावर चढणं. ताजी जाहिरात उघडून आपल्या उमेदवारीला लागू असलेले आकडे तपासा. हे आकडे किमान आहेत, त्यावर समाधान मानू नका. दर आठवड्याला धावण्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, आणि दर चौथ्या आठवड्यात थोडं कमी करायचं. मुली धावतात खूप, पण लटकत नाहीत. दोर आणि चिन-अप्स यांत मार खातात. दाराच्या चौकटीला लावायचा बार आणा आणि रोज लटकायला लावा. आधी वीस सेकंद, मग उतरताना हळू उतरणं, मग चढणं. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या मुलींना पोहणं येत नाही हे वारंवार दिसतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत एवढं एक शिकून घ्यावं. हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आत्ताच उपचार, कारण तीन महिने लागतात. बूट नव्याने मिळतील तेव्हा टाचेला ढिले आणि पंज्याला घट्ट असतील तर लगेच बदलून मागायचे. अकादमीत बूट बदलून मागितल्याने कोणी कमी लेखत नाही, फोड लपवून लंगडणाऱ्याला मात्र लेखतात.

पाळीबद्दल मुलीशी स्पष्ट बोला. तिथे ती कोणालाही सांगितली जात नाही असं व्हायला नको, आणि दर महिन्याला सुटीचं कारणही व्हायला नको. त्रास जास्त असेल तर एमआय रूममध्ये, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, सांगायचं, तिथे नोंद होते. कठोर प्रशिक्षणात पाळी थांबली तर मुली आनंदाने गप्प राहतात. ते धोक्याचं लक्षण आहे: शरीराला अन्न पुरत नाहीये, आणि पुढची पायरी हाडाला तडा. दोन महिने चुकली की डॉक्टरांकडे जायचं, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

शेवटी पालकांचं काम. पहिले सहा आठवडे फोन कमी येईल आणि आला की रडका येईल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'मला परत न्या' असं बहुतेक मुलंमुली एकदा तरी म्हणतात. त्यावर लगेच पुण्याला धावू नका. काय झालं ते विचारा, आणि उत्तराचा प्रकार ओळखा. 'खूप थकवतात, झोप नाही, इंग्रजी कळत नाही' हे सर्वांचं आहे, त्याला फक्त ऐकणारा लागतो. 'मला एकटीलाच', 'एकच सीनियर', 'रात्री', 'कोणाला सांगू नको म्हणाला' असे शब्द आले तर तारीख, वेळ, ठिकाण लिहून घ्या. तिला आधी डिव्हिजनल ऑफिसरकडे जायला सांगा. त्याचाच संबंध असेल तर स्क्वॉड्रन कमांडरकडे. दोन-तीन दिवसांत हालचाल दिसली नाही तर तुम्ही लेखी, नाव-तारखेसह, थोडक्यात कळवा. फोनवरची तक्रार हवेत विरते, कागदाला उत्तर द्यावं लागतं. अंगाशी आलेली गोष्ट, लैंगिक छळ, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर यातली एकही पायरी पाळायची गरज नाही. त्याच तासाला स्क्वॉड्रन कमांडरला फोन करा आणि सोबत लेखी तक्रार थेट कमांडंटच्या कार्यालयात पाठवा.